वाटपवही

लढाई संपली त्याचे पेढे
वडगावच्या सूत डेपोत मीच वाटले.
साखर परमिटची, म्हणून एकाचे दोन करून.
त्यानंतर वाटायला काही आलंच नाही.

पाटीवर मी मराठीत लिहायचो: सूत नाही.
खाली कन्नडात: नूलु इल्ला.
पुढं पुढं खडू वाचवायला
नुसतंच इल्ला लिहू लागलो.
तेवढं सगळ्यांना कळायचं.

गल्लीतले माग गप्प झाले.
खड्ड्यात पाय सोडून बसायची सवय,
म्हणून चन्नव्वा रिकाम्या मागावर बसायची,
धोटा इकडून तिकडं फेकायची.
आत कांडी नाही.
त्या आवाजानं नातू झोपायचा तिचा.

जानेवारीत हजाराच्या नोटा बंद झाल्या.
पेठेतला एक व्यापारी आजारी पडला.
आमच्यात कुणी ती नोट पाहिली नव्हती,
तिचा रंग कसला यावरून मात्र
नळावर दोन बायकांची जुंपली.

मग इटलीहून यल्लाप्पा सांबरेकर आला.
छातीवर दोन बिल्ले, हातात पत्र्याची पेटी,
आणि शेताच्या जागी विमानतळ.
त्याच्याच बांधावर, काटेरी तारेच्या आत,
सरकार उरलंसुरलं युद्ध लिलावात काढत होतं:
टायर, डबे, तंबूचे खुंटे,
बूट, बरेचसे डाव्या पायाचे.
सुटकेच्या पैशातनं त्यानं एक हवाई छत्री घेतली.
कशाला, म्हटलं, तर म्हणाला,
"माझ्या रानात गावली. ह्या सालचं पीक म्हणायचं."

अख्खी गल्ली ती छत्री उसवायला बसली.
टाका सोडव, पट्टी सोडव,
कापडातून धागा, दोरीतून धागा,
काही धागे हातात यायच्या आधीच तुटले.
आठ दिवसांत आभाळातून उतरायची ती वस्तू
बायकांनी रहाटावर गुंडाळून टाकली.
नवव्या दिवशी चन्नव्वाचा माग बोलला.
मी डेपोत बसून ऐकला
आणि वही कुलपात ठेवली.

पुरवठा खात्याचा माणूस आला.
कापड विनापरवाना, जप्त.
साडी पुरी झालीच नव्हती,
पदर मागावरच होता, तो कापून नेला.
त्याच्या मागोमाग बायका डेपोपर्यंत आल्या.
दगड कुणाच्या हातात नव्हता,
रेशनच्या पिशव्या होत्या, घडी घातलेल्या.
त्या माणसानं कपाळ पुसत मलाच विचारलं,
"ह्यांना सूत मिळत असताना हे उद्योग कशाला?"

मिळत असताना.

"वही दावा," यल्लाप्पा म्हणाला.
पलटणीत तो ब्लँकेटांच्या वह्या तपासायचा.
बेचाळीस नावं.
बेचाळीस पेंड्या, मिळाल्या, मिळाल्या, मिळाल्या.
समोर बेचाळीस अंगठे.
त्यानं पान उजेडाला धरलं, बराच वेळ.
"समद्या बायकांच्या अंगठ्यावर
विळीचा वण एकाच जागी कसा ओ, कारकून?"

पेठेतल्या माणसाचं नाव मला घेता आलं असतं.
महिन्याला बारा रुपये द्यायचा,
तोच, तो आजारी पडलेला.
घेतलं नाही.
बायकोला वाटायचं मला बढती मिळालीय.

दार कुणी मोडलं ते मी पाहिलं नाही.
आत उंदरांनी कुरतडलेलं एक पोतं निघालं,
आणि खडूंची पेटी,
सील न फोडलेली.

गलका चालला होता, पोलीस कॅम्पातून निघाले म्हणत होते.
चन्नव्वा तेवढी माझ्यासमोर उभी.
तिनं माझा अंगठा दोन बोटांत धरला,
सुताचा पीळ बघतात तसा वळवला, उलटा वळवला,
नखानं वण चाचपला.

"ताण्याला इल्ला," म्हणाली.
थांबली जरा.
"बाण्याला बी इल्ला."
आणि सोडून दिला.