वरच्या दोन तांती

सुल्मा एचेव्हेरीच्या दुकानात, माँटेव्हिडिओच्या बंदरामागच्या गल्लीत,
डबल बास आडवा झोपवलाय जुन्या गादीवर,
इतका मोठा, की फोन वाजला
तर सुल्माला त्याला वळसा घालून जावं लागतं.
तारा उतरवल्यात. घोडी कापडात गुंडाळलीय.
टेबलावर दोन पाकिटं.

एकात मेंढीचं आतडं: पिळलेलं, घासलेलं, तेलात मुरवलेलं.
रंग जुन्या मधाचा. वास अगदी नाकाशी नेली तरच.
दुसऱ्यात सिंथेटिक. काळी, सरळ, अबोल,
आत नायलॉनचे केस, वर धातूची चपटी पट्टी.
एका तांतीची किंमत ऐकून मी आधी खिडकीबाहेर बघितलं.
अर्ध्या महिन्याचं भाडं.
"ठरव," सुल्मा म्हणाली, "तोवर मी माते भरते."

बास माझा आहे, कागदावर.
खरा एलिसेओचा. चाळीस वर्षं त्यानं तांतच लावली.
नदीवरून दमट वारा सुटला
की दुसऱ्या तुकड्यापर्यंत त्याची वरची तार उतरलेली असायची,
एका हातानं वाजवत तो दुसऱ्यानं खुंटी पिळायचा
आणि व्हायोलिनवाले छताकडे बघायचे.
पण तर्जनीनं ओढून सोडली की
धप्.
मागे थोडंसं लाकूड.
आणि बास.

सिंथेटिकही मी वाजवलीय, उसन्या वाद्यावर, अख्खा एक हिवाळा.
खोटं कशाला बोलू, चांगली आहे.
गज टेकवला की बोलते. खरखर नाही, कुरबुर नाही.
हीटर लावलेल्या नाट्यगृहातही
सकाळी ठेवली तिथेच रात्री सापडते.
फक्त ओढून सोडली की जरा रेंगाळते,
निघतो निघतो म्हणत
दारातच तासभर बोलणाऱ्या पाहुण्यासारखी.
टँगोत तेवढा वेळ नसतो.
पण माझा अंगठा एकोणसाठ वर्षांचा आहे,
त्याचंही मत घ्यायला हवं.

माझे वडील, उबाल्दिनो, ताकुआरेम्बोकडे मेंढ्या कातरायचे,
दिवसाला शंभर.
लोकरीच्या तेलानं हात कायम मऊ. फक्त हात.
रविवारी शेगडीवर आतडी भाजायची,
काठ जळेपर्यंत, वर लिंबू.
यातूनच तारा करतात, मी एकदा त्यांना सांगितलं,
मोठमोठ्या सभागृहांत वाजतात.
"आधी धुतात ना?" त्यांनी विचारलं
आणि पुढचा तुकडा माझ्या ताटात टाकला.

हे सुल्माला काय सांगायचं.
ती म्हणाली, वर दोन तांती लाव, खाली दोन सिंथेटिक.
जाड तांती नुसत्या गुरगुरतात, गजाला दाद देत नाहीत.
"एकमेकींशी भांडतील?"
"भांडतील. ताण वेगळा. पहिला महिना बोटं चुकतील."
मी हो म्हणालो.
सुवर्णमध्य वगैरे काही नाही,
खिशात तेवढेच होते.

शनिवारी तालमीत वरची उतरली, तिसऱ्याच तुकड्यात.
बँडोनिऑनवर ग्रिसेल्दा होती. तिनं भाता उघडाच धरून ठेवला.
मी खुंटी पिळली.
व्हायोलिनवाल्या पोरानं छताकडे बघितलं,
ते मला, का कोण जाणे, बरं वाटलं.

एलिसेओच्या जुन्या तारा मी दोरिलाकडे नेल्या,
वर्तमानपत्रात गुंडाळून,
काय बोलायचं ते जिन्यात जुळवत.
तिनं पुडकं सोडलं. एकेक ओढून पाहिली.
"मजबूत आहेत," म्हणाली,
आणि गॅलरीतला वाकलेला टोमॅटो
काठीला बांधायला घेतला.
मध्येच थांबून: "यातली वरची कुठली?"
मी दाखवली.
ती तिनं बोटाला गुंडाळून वेटोळं केलं,
एप्रनच्या खिशात टाकलं,
आणि बाकीच्या तिघींनी टोमॅटो बांधून झाल्यावर
मला विचारलं, जेवून जाणार का.