वाऱ्याची भोकं

फोन आला तेव्हा मी हरभरे निवडत होते.
रेसिडेन्सीजवळ नवं दालन उघडतंय, ती मुलगी म्हणाली,
तुमच्या वडिलांचं कापड लावलंय, बघायला या.
कापड म्हणाली, म्हणून गेले.
घरी आम्ही त्याला कापडच म्हणायचो.

चपला काढू का विचारलं. नको म्हणाले.
आत गारवा, पांढरी भिंत,
आणि मधोमध ते, बांबूंशिवाय,
नुसतंच तरंगल्यासारखं:
हमारी मजदुरी वापस करो.

दु ऱ्हस्व.
रामसनेहीकाका तेव्हाच हसले होते,
"सोनटक्के, हिंदी में बड़ा ऊ लगता है."
बाबा म्हणाले, पगार पुरा मिळत नाही,
उकार कुठून पुरा देऊ?

पाटीवर बाबा कलाकार झालेत.
सुती कापड, शेंदूर, जवसाचं तेल.
विमा चार लाखांचा, हे मुलीनंच सांगितलं.
बाबांचे निघत होते एकोणीस हजार तीनशे.
अजून निघतात.

पाटीवर पुढे लिहिलंय:
कापडावरचे छेद ही दडपशाहीची खूण असावी.

सहा छेद. अर्धचंद्र, कैरीच्या फोडीएवढे.
कापड ताणून मी धरलं होतं
आणि कात्री आईनं चालवली होती.
वारा जायला, गं बाई.
नाहीतर ते फुगतं
आणि बांबू धरणारा मागे ढकलला जातो.
पहिल्या दिवशी तसाच पडला होता गुलाब वाघ,
गिरणीच्या फाटकासमोर, चिखलात, उताणा.
सगळे हसले. पोलिससुद्धा.

मुलगी लिहून घेत होती, मान खाली घालून.
मग हळूच, कोपऱ्यातल्या तपकिरी डागाचं विचारलं.
तपासायला पाठवणार होतो, म्हणाली.

तो काढा.
गिरणी संपल्यावर कापड गादीवर आलं,
माझा थोरला खोकायचा रात्रभर,
अडुळसा पाजताना वाटी लवंडली.
भावानं तुम्हाला दिलं तेव्हा
धुऊन तरी द्यायचं होतं.

ती जरा हिरमुसली, मला दिसलं.
पण खोडलं तिनं काहीतरी, वहीत.

मी छेदापाशी बोट नेलं.
"माताजी, थोड़ा पीछे," पहारेकरी म्हणाला,
परदेशीपुऱ्याचाच असावा, बोलण्यावरून.
तेवढ्यात वरचं यंत्र घुरघुरलं,
गार झोत आला भिंतीवरून.
कापड हललं जरासं.
फुगलं नाही.