डीजे

डॉक्टर म्हणाले, खडा काढला, आत डीजे टाकलाय.
गुंगीतच विचारलं, परवानगी कुणाची घेतली?
नर्स हसली. कांचन नाही हसली.

दोन्ही टोकांना वळलेली बारीक नळी,
इंग्रजी जे, वर एक, खाली एक.
मला तो गळच वाटतो,
आणि त्याला लागलेला मासा
खाकी शर्ट घालून धायरी ते स्वारगेट रिक्षा चालवतो.

खडा कशानं झाला ते विचारू नका.
बावीस वर्षं पाणी मोजून प्यायलो.
लोकांना वाटतं, गडी माणूस, कुठंही उभा राहील;
पण मीटर चालू असताना कुठं?
मागच्या बाईंना काय सांगू,
ताई, दोन मिनिटं, भिंत शोधतो?
तहान पुढच्या सिग्नलवर ढकलत राहिलो.
तिचाच दगड झाला.

आता दर अर्ध्या तासाला हाक येते,
धावत जावं तर चार थेंब,
आणि ते संपता संपता
पाठीत कुणीतरी किल्ली फिरवतं.
स्पीडब्रेकर दिसला की
आधी कूस आवळते, मग क्लच.

ओसवाल मेडिकलच्या पोरानं पाकिटांवर पेनानं लिहून दिलं.
ही रात्री जेवून, आतली वाट सैल करते,
उठताना गरगरेल, आधी कॉटवर बसा, मग उठा.
ही सकाळी, हिनं तोंड कोरडं पडेल.
ही लाल तीनच दिवस, जळजळीला,
लघवी केशरी होईल, घाबरायचं नाही.
झाली.
शिरा करू का, म्हणाली कांचन,
आणि इतक्या दिवसांनी हसली,
कूस धरून मीही.

जन्मभर तहान दाबली,
आता गोळीच तहान लावते.
हँडलशेजारी दोन लिटरची बाटली,
तिच्यामागं गोळ्यांच्या पट्ट्या, रबर लावून.

बिबवेवाडीच्या कोपऱ्यावर बसलेल्या काकांनी
त्या पट्ट्या ओळखल्या.
नळी का?
हो.
कितवा दिवस?
नववा.
माझी दोन्हीकडं होती, म्हणाले, जणू गावाकडची ओळख निघाली.
गोळी चुकवू नका. दुखणं जात नाही हो,
पण लांब जाऊन बसतं,
शेजारच्या खोलीत रेडिओ लागावा तसं.
थोड्या वेळानं म्हणाले,
काढायची तारीख मात्र विसरू नका.
माझा मेव्हणा विसरला.
पुढं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.
तारीख काचेवर मार्करनं लिहिलीय, सव्वीस,
पोलीसही विचारून झाला, हे काय.

मित्रमंडळ चौकाच्या अलीकडं
दोघांनी एकदमच म्हटलं, थांबूया का?

मुतारीत मधे फरशीची आडभिंत.
पलीकडून आवाज आला, सावकाश हं, शेवटी दुखतं.
माहितीये, म्हटलं मी.
आणि दोघं उभे राहिलो, ज्याच्या त्याच्या
थेंबांची वाट बघत.

मीटर बंद करून गेलो होतो.
परत आल्यावर चालू करायचा राहिला.