जेवणाच्या सुट्टीतलं माप

सुईच्या टोकाला हिरा आहे,
नसल्यासारखा.
तो जॉबवर टेकतो तेव्हा वजन पडत नाही,
नुसती चाहूल लागते.
मग चार मिलिमीटरची वाट
आठ सेकंदांत चालतो
आणि कागदी पट्टीवर डोंगर उमटत जातात.
केसाचे शंभर भाग करावेत
आणि त्यातल्या एकाएवढे उंच.

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस, मागचा गाळा.
ग्रॅनाइटच्या टेबलावर व्ही-ब्लॉक,
त्यात सुती फडक्याने पुसलेला स्पूल.
ड्रॉइंग म्हणतं : आर-ए पॉइंट फोर, त्याच्यावर नको.

हिरामण वैती अठ्ठावीस वर्षं ग्राइंडिंगवर.
त्यांचं मशीन वेगळंच :
उजव्या अंगठ्याचं नख,
जरा वाढवलेलं, कूलंटने पिवळं पडलेलं.
स्पूलवरून ओढतात, डोळे मिटून.
"हातच्या काकणाला आरसा कशाला, मॅडम?
लोणी आहे, लोणी."

मंगळवारी त्यांचे अकरा नग
मी लाल ट्रेमध्ये ठेवले.
पॉइंट फाइव्ह टू. पॉइंट फोर नाइन. पॉइंट फाइव्ह फाइव्ह.
ते काही बोलले नाहीत.
नख पँटला पुसलं,
दगडाचं ड्रेसिंग पुन्हा केलं,
दुपारचा चहा घेतला नाही.
धनेश्वर साहेब म्हणाले, वय झालं आता त्यांचं,
तारखेनिशी लिहून ठेवा.
मी लिहिलं.

संध्याकाळी पट्ट्या ओळीने लावल्या.
अकराही पट्ट्यांवर
दर मिलिमीटरला एक टोक वर आलेलं,
शिलाई मशीनच्या टाक्यांसारखं.
आधी वाटलं, फीडच्या खुणा.
वैतींचा हात चुकला असता
तर असाच दिसला असता.

दुसऱ्या दिवशी सुईचा वेग निम्मा केला.
तोच नग, तीच रेघ.
टोकं जवळ आली,
मिलिमीटरला आता दोन.
पट्टी धरून मी उभीच राहिले.
खाचा पोलादात असत्या
तर माझ्या वेगाशी त्यांचं काय देणं-घेणं?

तेव्हा कान उघडले.
धप्प.
दोन सेकंद.
धप्प.
भिंतीपलीकडे पॉवर प्रेस,
जेवणाच्या डब्यांची झाकणं पाडणारा,
दिवाळीनंतर भिंतीला खेटून बसलेला.
आठवडाभरात माझ्या कानांना त्याची सवय झाली होती.
सुईला होत नव्हती.
बाकीच्यांना पॉइंट एट चालतं,
पॉइंट फोरचं काम एकटे वैती करतात.
तेव्हा शेजारच्या झाकणांचे दणके
मी त्यांच्या नावावर चढवत होते.

साडेबाराला प्रेस थांबला.
डबा न उघडता मी अकरा नग पुन्हा लावले.
थ्री फोर. थ्री सिक्स. थ्री वन.
पट्टीवर रेघ निवांत,
कुणी हाक न मारल्यासारखी.
आठ नग हिरव्या ट्रेत गेले.
तीन मात्र खरोखरच वर होते, थोडेसेच,
आणि त्यांत प्रेसचा हात नव्हता.

ते तीन वैतींपुढे ठेवले.
त्यांनी नख फिरवलं. मग परत एकदा, सावकाश.
"होय," म्हणाले. "हे माझे."

रजिस्टरमधली ओळ खोडून
बाजूला सही केली, कारण लिहिलं.
शेऱ्याची चौकट छोटी आहे,
प्रेस, भिंत आणि सुई एवढंच मावलं,
चहा राहिला.

रबरी पॅड मागवलेत, येतील तेव्हा येतील.
तोवर पॉइंट फोरचं माप जेवणाच्या सुट्टीत.
सगळे उठून गेल्यावर मी जेवते.
वैती माझ्यासाठी सुकटीची चटणी बाजूला ठेवतात,
चतकोर भाकरीवर, स्टीलच्या डब्यात.
डबा शेजारच्यांचाच, दसऱ्याला वाटलेला.
झाकण निघता निघत नाही.
आज काठावरून नख फिरवलं,
डोळे मिटून.
एका जागी लागलं.