काही लागलं नाही

विश्रामबागच्या सिग्नलला थांबले होते,
लाल दिव्याखाली सत्तावीस आकडा होता,
एवढं पक्कं आठवतं.
मग मागून टेम्पो आला.
आवाज फार नाही, रिकाम्या डब्यावर
कुणी टाच आपटावी, तेवढाच.
मान माझ्याआधी पुढे गेली
आणि माझ्यानंतर परत आली.

टेम्पोत बेदाणा, तासगावचा. एक खोकं फुटून
डांबरावर हिरवट पिवळा सडा,
आणि पोरगा, दस्तगीर नाव, विशीही नसेल,
अनवाणीच खिडकीशी येऊन रडत उभा.
मी झटकन वळून म्हणाले,
काही लागलं नाही रे मला, जा तू.
ते माझं शेवटचं झटकन वळणं.

दुखणं दुसऱ्या दिवशी आलं, पहाटे साडेपाचला,
दूधवाल्याच्याही आधी.
उशीवरून डोकं उचलायला गेले
तर ते कुणा दुसऱ्याचं, भरल्या घागरीएवढं.
दोन्ही हातांनी स्वतःचेच केस धरून
उठवलं मला मी.

मिरजेच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला.
सातही मणके ओळीत,
प्रार्थनेला उभी राहिलेली पोरं जशी.
"हाडाला काही नाही, वहिनी."
विम्याचा माणूस बंपरभोवती दोनदा फिरला,
वाकून पोचा मोजला, फोटो काढले.
बंपर आठवड्यात नवा आला.

जाऊबाई म्हणतात, रक्त नाही, टाका नाही,
आणि महिनाभर पट्टा?
खरंय त्यांचं. दाखवायला माझ्याकडे काही नाही.
बेसिनवर वाकता येत नाही, चूळ पेल्यात टाकते.
वरच्या फळीवरचा साखरेचा डबा
वरच्या फळीवरच आहे.

बँकेत मागून कुणी हाक मारली
की खुर्चीसकट अख्खी वळते.
एक म्हातारे खातेदार हरखून म्हणाले,
एवढा मान हल्ली कोण देतं, बाई!
हसू आलं. हसलं की कानामागून
खांद्यापर्यंत एक तार ताणली जाते.

आयर्विन पुलावर पाणी किती चढलंय
ते आता रिक्षावाल्यालाच विचारते.
तो न बघताच सांगतो, नेहमीएवढंच.

दस्तगीरचा नंबर आहे माझ्याकडे.
केला नाही फोन. मीच म्हटलं होतं ना.
जाताना त्यानं बळेच दिलेला बेदाणा
पंधरा दिवस तसाच होता,
परवा मूठभर भिजत घातला.

गाडी पुन्हा चालवायला लागले, गल्लीपुरती.
संध्याकाळी मागे घेताना
ओजस पायरीवर उभा राहतो, चौथीतला,
हात नाचवत, ट्रकच्या क्लीनरसारखा:
येऊ दे, येऊ दे, येऊ दे.
तो मला दिसत नाही. आरशात
भिंत, आणि कधीतरी त्याची एक बाही.
बस!

उतरून बघते तर भिंत अजून
चांगली दोन हात लांब.
रोज तो एवढ्यावरच थांबवतो.
मी काही बोलत नाही.
गाडीचं नाक गल्लीत
तसंच थोडं बाहेर राहतं.