चमचाभर

उद्यमबागेत, फौंड्रीच्या मागच्या शेडात
रात्रपाळीला आम्ही दोघंच.
मी, आणि झडपा सांभाळणारा दुंडाप्पा.
वडगावात बावीस वर्षं माग चालवला मी,
कानात अजून धोट्याचा खटका आहे.
इथं खटका नाही. पिंपाच्या पोटात
नुसती उकळी घुमते.

पोती येतात ती बरीचशी ओळखीची:
काठ कापून उरलेल्या चिंध्या,
गुंता झालेलं सूत,
शहापूरच्या दुकानातून डाग पडून परत आलेली
एक जांभळी साडी.
ही माझ्याच मागावरची.
पदराकडून तिसऱ्या बुट्ट्याशी धागा चुकलाय,
मालकानं तेव्हा चाळीस रुपये कापले होते.
बोटानं चाचपत गेलो, सापडला.
मग साडी कातर-यंत्रात सोडली.

पुरली असती तर नातवाच्या नातवाला
नांगरताना सापडली असती,
रंगासकट.

कंग्राळकर मॅडम सांगतात,
पॉलिएस्टर म्हणजे साखळी,
शंभर-दीडशे जणांनी धरलेले हात.
ग्लायकॉल मधे शिरतं, हात सोडवतं,
पण एकटं असलं की दिवसभर घोटाळतं.
म्हणून चमचाभर जस्ताचं मीठ.
ते कुणाची बाजू घेत नाही.
गाठीपाशी जाऊन उभं राहतं,
गाठ सैल पडली की पुढच्या गाठीकडे.
शेवटी मोजावं तर
जेवढं घातलं तेवढंच.

"मग त्येला पगार काय?"
दुंडाप्पानं विचारलं.
मॅडम हसल्या नाहीत.
म्हणाल्या, पुस्तकात तेवढंच भरतं.
आपल्या काट्यावर दर खेपेला
थोडं कमी.
पाण्याबरोबर जातं, गाळणीला चिकटतं,
कुठं जातं ते सगळं सांगता येत नाही.

एकशे नव्वदवर काटा धरून ठेवायचा.
जरीचा तुकडा चुकून आला तर
गाळणी तुंबते, दुंडाप्पा कानडीत शिव्या घालतो,
मी मराठीत.
जांभळा रंग कोळशाच्या भुकटीत जाऊन बसतो,
ती भुकटी काळीच राहते,
तिच्याकडे बघून कुणाला कळणार नाही
तिनं काय काय गिळलंय.

जानेवारीत थंड करायला यंत्र लागत नाही.
टाकीचं झाकण उघडायचं, बाहेरची हवा पुरते.
साडेचारच्या सुमाराला
पाण्यात पहिली सुई दिसली.
मग दुसरी. मग सगळी टाकी
पांढरी, बारीक, काटेरी.
"बंतु, बंतु!" दुंडाप्पा ओरडला.
"आलं," मी म्हणालो, उगाचच हळू आवाजात,
घरात कुणी झोपलेलं असावं तसं.

चिमूटभर तळहातावर घेतलं.
यातून पुन्हा सूत होईल म्हणतात,
पुन्हा साडी, पुन्हा काठ,
कोण विणेल कुणास ठाऊक,
आमच्या गल्लीत आता सहाच माग उरलेत.
अंगठ्यानं चोळत राहिलो.
डाग नाही, बुट्टा नाही.
बोटं मात्र आपली
त्यातही तो चुकलेला धागा
शोधत होती.