चार्ज देताना

या, बसा. खुर्ची हलते, पण चालते.
ही कपाटाची चावी, ही दुसऱ्या कपाटाची,
आणि ही तिसरी कशाची,
ते मला अकरा वर्षांत कळलं नाही.

मोजमाप पुस्तकं इथे. पान फाडायचं नाही.
खोडायचं झालं तर एकच रेघ, बाजूला सही,
म्हणजे चूकसुद्धा वाचता आली पाहिजे.
सगळ्या नियमांत मला एवढाच आवडला.

हा काँक्रीटचा ठोकळा मात्र यादीत नाही,
म्हणून तोंडी सांगते.

पिवळ्या नदीच्या काठचं समाजभवन.
त्याचा स्लॅब पडला त्या दिवशीचा हा.
(आपल्याकडे पडला म्हणजे झाला,
पेपरवाल्यांकडे पडला म्हणजे पडला.)
चाचणीचे क्यूब भरायच्या आधी
दसरू मिस्त्रीने त्या मालात
एक घमेलं सिमेंट जास्तीचं कालवलं,
माझ्यासमोर, अगदी उघड.
"पोट्टं परीक्षेले चाल्लं, म्याडम,
दही-साखर तं द्याच लागते."
मी हसले.
हसले, आणि ओल्या पृष्ठावर खिळ्याने
तारीख आणि माझी आद्याक्षरं कोरली.

सात भरले. सहा यंत्रात फुटले,
सगळे पास, पहिल्या वर्गात.
सातवा तिथेच राहिला.
हुस्ना बींनी तो उचलून नेला,
नळाजवळ, पाण्याच्या गुंडाखाली.

मग ते भवन आपत्ती आराखड्यात गेलं.
पान सत्तेचाळीस, निवारा क्रमांक नऊ, क्षमता तीनशे.
एप्रिलच्या उन्हात रंगीत तालीम झाली,
भोंगा वाजला, दोन होमगार्ड जखमी होऊन
हसू दाबत स्ट्रेचरवर पडले.
शेरा: समाधानकारक.
शटर उघडंच होतं त्या दिवशी,
पाहुणे येणार होते.

सप्टेंबरात रात्री दोनला पाणी आलं
तेव्हा पाहुणे नव्हते.
चावी चौकीदाराकडे,
चौकीदार रामटेकला, बारशाला.
मला फोन आला. मी म्हणाले, बघते.
तुम्हीही म्हणाल. तोंडात बसतं ते.

हुस्ना बींनी गुंड लवंडून दिला,
हा आठ किलोंचा दोन्ही हातांनी उचलला
आणि कुलपावर घातला.
चौथ्या घावाला कुलूप गेलं.
याचा फक्त हा एक कोपरा उडाला, बघा.
त्या अख्ख्या इमारतीत
अंदाजपत्रकाप्रमाणे झालेलं
एवढंच होतं, आणि तेही बाहेर.

मी पोचले तेव्हा पोरं झोपली होती,
एकशे बारा माणसं, तीन शेळ्या,
एक शिलाई मशीन साडीत गुंडाळलेलं.
परातेंच्या म्हाताऱ्याने सरकून जागा केली,
"बसा ना बाई, भिजल्या तुम्ही."
मी बसले नाही.
भिंतीला टेकून उजाडेपर्यंत
वर बघत होते.
पंख्याच्या हुकाजवळ एक ओली रेघ होती,
केसाएवढी.
ती वाढते का, ते बघत होते.
कुणी खोकलं तरी
माझा हात आपोआप वर जायचा,
जणू मी धरणार होते.

स्लॅबने धरलं.
त्या रात्री धरलं, असं लिहा,
पुढचं लिहू नका.

लाल फाईलमध्ये अर्ज आहे,
स्लॅबला भोक पाडून नमुना तपासण्याचा.
तीनदा परत आलाय: निधी नाही,
मुदत संपली, इमारत सुस्थितीत दिसते.
चौथ्यांदा तुम्ही पाठवा.
ठोकळा मात्र यंत्रात घालू नका कधी.
तो पास होईल,
तेच तर दुखणं आहे.

आणि पुस्तक क्रमांक तीनशे अकरा, पान बासष्ट.
तिथल्या माझ्या सहीवर
काल मी एक रेघ मारली,
बाजूला पुन्हा सही केली.
दोन्ही वाचता येतात.

आता इथे तुमची, मिळाल्याची.
हा घ्या पेन.
नको, तुमचाच वापरा.